दोन पेपरांमधील तीन घटका

अकरावीपासून दोन वर्षे मुलाच्या दिवसाचा प्रत्येक तास आखलेला असतो. शिकवणी, सराव परीक्षा, उजळणी आणि झोप यांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. या वेळापत्रकात बहुधा एकच रकाना कोरा राहतो. तो म्हणजे प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मध्ये मिळणारा वेळ. तो वेळ परीक्षेच्या बाहेरचा आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो परीक्षेचाच भाग आहे, आणि त्याची अर्धी जबाबदारी कुटुंबावर असते.

आयआयटी प्रवेशासाठी होणाऱ्या जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेचे उदाहरण घेऊ. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर संगणकावर द्यावे लागतात. पहिला सकाळी ९ ते १२, दुसरा दुपारी २.३० ते ५.३०. दोन्ही अनिवार्य असतात आणि दोन्हींत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तीनही विषय असतात. मधला अवकाश कागदावर अडीच तासांचा आहे. पण बाहेर पडेपर्यंत सव्वाबारा होतात, दीडच्या सुमारास पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते आणि दोन वाजता जागेवर बसलेले असणे इष्ट. म्हणजे हाती उरतो तो सुमारे सव्वा तास. आपल्या परिचयाच्या मापाने सांगायचे तर तीन घटका. सामायिकाच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, किती भरीव असू शकतात हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. येथे त्याहून एक घटका अधिक मिळते.

सकाळचा गल्ला दुपारी मोजू नये

या तीन घटकांचा सर्वांत मोठा अपव्यय परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेरच सुरू होतो. मूल बाहेर येते आणि पहिला प्रश्न कानी पडतो, "पेपर कसा गेला?" प्रश्न मायेचाच असतो. पण उत्तर देण्यासाठी मुलाला नुकताच मिटलेला पेपर पुन्हा उघडावा लागतो. मग शेजारचा मित्र एका गणिताचे उत्तर निराळे सांगतो, कुणी भ्रमणध्वनीवर शिकवणी वर्गाचे विश्लेषण शोधू लागतो, आणि जेवणाचा डबा तसाच राहतो.

दारात गिऱ्हाईक उभे असताना सकाळचा गल्ला मोजीत बसणारा व्यापारी आपण शहाणा मानीत नाही. रोजमेळ संध्याकाळी, दुकान वाढवल्यावर मांडायचा असतो. अपुऱ्या कामाचा विचार मनात मागे रेंगाळला की पुढच्या कामातील एकाग्रता उणावते, हे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. दुपारी सुटला असता असा प्रश्न सकाळच्या चुकीच्या विचारात हातचा जातो.

परंतु मूल रडतच बाहेर आले तर? त्याला गप्प करू नये. दोन-चार मिनिटे ऐकून घ्यावे आणि मग एक वस्तुस्थिती शांतपणे सांगावी. गुणवत्ता यादी दोन्ही पेपरांच्या एकूण गुणांवर लागते. प्रत्येक विषयाची किमान गुणांची अटही दोन्ही पेपरांतील त्या विषयाच्या बेरजेवर लागू होते. सकाळी भौतिकशास्त्र फसले असेल तर दुपारी तोच विषय पुन्हा समोर येणार आहे. २०२४ मध्ये १,८०,२०० विद्यार्थ्यांनी दोन्ही पेपर दिले आणि त्यांतील ४८,२४८ पात्र ठरले. त्या वर्षी सर्वसाधारण यादीत येण्यासाठी ३६० पैकी १०९ गुण पुरेसे होते. यादीत नाव येणे म्हणजे हवी ती जागा मिळणे नव्हे, हे खरे. पण मुलाला अवघड गेलेला पेपर बहुतेकांना अवघडच गेलेला असतो, आणि खाते अजून बंद झालेले नाही, एवढे या आकड्यांवरून त्याला नक्की पटते.

पहिली घटका: जेवण

ही परीक्षा बहुधा मे महिन्यातील रविवारी असते. उन्हाळा कडक, आणि दुपारी एक ते तीन या वेळेत शरीराला स्वभावतःच सुस्ती येते. त्यावर पोटभर जड जेवण झाले की दुसऱ्या पेपराचा पहिला तास झापड घालविण्यातच जातो. म्हणून नेहमीच्या जेवणाच्या दोन-तृतीयांश आणि नेहमीच्याच चवीचे अन्न द्यावे. परीक्षेच्या दिवशी नवा पदार्थ नको.

केंद्राजवळच्या उपाहारगृहात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून काही मिळेल या भरवशावर राहू नये. डबा घरूनच न्यावा. थेपले, मऊ मूगखिचडी, खाकरा, केळे, थोडे बदाम हे पदार्थ उन्हातही टिकतात किंवा सहज पचतात. सकाळी सहाला भरलेला दहीभात बारापर्यंत आंबतो, तो टाळावा. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी ते पुरेसे बरोबर घ्यावे. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी उत्तम, पण ते घोटघोट आणि दीडच्या आत संपवावे, म्हणजे पेपर चालू असताना उठावे लागत नाही.

व्रतनियमांचा निर्णयही आधीच व्हावा. २०२२ मध्ये ही परीक्षा २८ ऑगस्टला, म्हणजे श्वेतांबर परंपरेतील पर्युषणातच आली होती. असा योग आला किंवा तिथीचा दिवस असला, तर काय पाळायचे हे महिनाभर आधी घरातील वडीलधाऱ्यांशी व गुरुमहाराजांशी बोलून ठरवावे. फाटकाबाहेर त्यावर चर्चा नको.

दुसरी घटका: विसावा

ही घटका बहुतेक कुटुंबे गमावतात, कारण विसावा म्हणजे वेळ फुकट घालविणे असे आपल्या कष्टाळू घरांना वाटते. दूर पल्ल्याच्या वैमानिकांवर नासाने केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांच्या विश्रांतीत त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली, आणि त्यानंतर त्यांची सावधता वाढलेली आढळली. मुलाला पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडू द्यावे. झोप लागली नाही तरी चालेल, डोळ्यांना पडद्यापासून सुट्टी मिणे हेच महत्त्वाचे. अर्ध्या तासाहून अधिक झोप मात्र नको. गाढ झोपेतून उठलेले मूल बराच वेळ मंद राहते.

यासाठी जागा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. चालत पाच मिनिटांवर नातेवाइकांचे घर किंवा ओळखीचे दुकान असेल तर उत्तम. नाही तर सावलीत उभी केलेली, वातानुकूल चालू असलेली मोटार. केंद्रात घड्याळ आणि भ्रमणध्वनी नेता येत नाहीत. म्हणून भेटण्याची जागा सकाळीच ठरवावी आणि वेळेवर उठविण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीने घ्यावी.

तिसरी घटका: परत जाताना

तोंडावर पाणी मारावे, प्रसाधनगृहात जाऊन यावे, प्रवेशपत्र व ओळखपत्र तपासावे. या वेळी नवे सूत्र पाठ करू नये. ज्याला सवय आहे त्याने नवकार स्मरावा, नसेल त्याने सावकाश दहा श्वास मोजावेत. निरोप देताना "आता तरी नीट लिही" असे म्हणू नये. "आम्ही इथेच आहोत" एवढे पुरे. कुटुंबाच्या गटावर येणाऱ्या काका-मामांच्या चौकशांना घरच्या एकानेच उत्तर द्यावे.

मध्यंतर दहाच मिनिटांचे असेल तर

परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षांत हाच नियम लहान मापात लागू होतो. पदवीसाठीच्या सॅट परीक्षेत भाषा आणि गणित या विभागांमध्ये दहा मिनिटांची विश्रांती असते. व्यवस्थापनाच्या जीमॅटमध्ये ४५ मिनिटांचे तीन विभाग असून पहिल्या किंवा दुसऱ्या विभागानंतर दहा मिनिटांची ऐच्छिक सुट्टी घेता येते. ऐच्छिक असली तरी ती घ्यावीच. परतताना पुन्हा ओळख तपासली जाते, तो वेळही याच दहा मिनिटांत धरावा. म्हणून दोन घोट पाणी, एक केळे, थोडे चालणे आणि आठव्या मिनिटाला दाराशी. जीआरईमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ठरलेले मध्यंतर उरलेले नाही, आणि आपल्याकडील कॅटमध्येही ४० मिनिटांचे तीन विभाग सलग येतात. तेथे विभाग बदलताना डोळे मिटून घेतलेले दोन श्वास हेच मध्यंतर.

हे सारे परीक्षेच्या दिवशी प्रथमच करून जमत नाही. अखेरच्या महिन्यात दोन-तीन रविवारी घरीच सकाळ-दुपार असे दोन्ही सराव पेपर द्यावेत. मधला सव्वा तास याच क्रमाने, त्याच डब्यासह काढावा. कोणते अन्न मानवते आणि किती विसावा पुरतो, हे मग मुलालाच कळते.

साडेपाचला दुसरा पेपर संपतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या घरांनी परतीचा प्रवास लांबचा असल्यास संध्याकाळचा डबाही बरोबर ठेवावा. आधी मुलाला जेवू द्यावे. पेपर कसा गेला, हे तो त्यानंतर आपणहून सांगेल.