खोलीत चाळीस, प्रोसेसर शंभर!

ओव्हरक्लॉकिंगचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतायत? जरा थांबा. एसीत बसून काढलेला आकडा नांदेड-लातूरच्या मे महिन्यात चालेलच असं नाही.

परीक्षा संपल्या, की पीसीवाल्या पोरांच्या हाताला खाज सुटते. बायोस उघडायचं, मल्टिप्लायर वाढवायचा, ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.४ वर पळवायचा. पैसे शून्य आणि स्पीड जास्त. भारीच की! यूट्यूबवरचा भाऊ तर पाच मिनिटांत करून दाखवतो. पण तो बसलेला असतो चोवीस अंशांच्या खोलीत. आणि आपण? विष्णुपुरीत वरच्या मजल्यावर, नाहीतर लातूरच्या औसा रोडवर पत्र्याच्या रूममध्ये. दुपारी तीनला तिथे पंखासुद्धा गरम हवा फेकतो. सगळा खेळ या फरकाचा आहे.

गणित मांडून बघा

प्रोसेसर खातो ती वीज ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरते: स्पीड आणि व्होल्टेजचा वर्ग. स्पीड १० टक्के वाढवला आणि चिप हँग होऊ नये म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, म्हणजे १.२० चं १.३२ केलं, तर वीज १० टक्के वाढत नाही. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे तब्बल ३३ टक्के वाढते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

दुसरी गोष्ट, हीटसिंक आणि पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीचं तापमान १६ अंशांनी जास्त असेल, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापणार.

आता उदाहरण घेऊ. २४ अंशांच्या खोलीत फुल लोडवर चिप ७५ अंशांवर आहे. म्हणजे खोलीपेक्षा ५१ अंश वर. ओव्हरक्लॉक केल्यावर हा फरक होतो ६८. एसीवाल्याची चिप गेली ९२ वर. गरम, पण चालतंय. आपल्या ४० अंशांच्या खोलीत? १०८!

प्रत्यक्षात ती १०८ वर जाणार नाही. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचलं, की चिप स्वतःच स्पीड कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. व्होल्टेज तुम्ही १.३२ वरच फिक्स करून ठेवलं असेल, तर याच हिशोबाने १०० अंशांत बसण्यासाठी स्पीड ३.९ पर्यंत खाली येतो. म्हणजे निघालो ४.४ ला आणि हातात आलं मूळच्या ४ पेक्षाही कमी. वर विजेचं बिल वेगळंच.

खरा व्हिलन व्होल्टेज

उष्णता निदान दिसते तरी. व्होल्टेजचं नुकसान गुपचूप होतं. चिपच्या आत केसाहून कितीतरी बारीक तारा असतात. जास्त करंट आणि जास्त तापमान एकत्र आलं, की इलेक्ट्रॉनच्या रेट्याने तारेतले धातूचे अणूच हळूहळू जागा सोडतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. एकदा सरकलेले अणू मागे येत नाहीत. लक्षण असं, की सहा महिने मस्त चाललेली सेटिंग अचानक ब्लू स्क्रीन द्यायला लागते. मग पोरं व्होल्टेज अजून वाढवतात. म्हणजे आगीत तेलच!

ही नुसती भीती नाही. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर क्रॅश व्हायला लागले. तिथेही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हेच मोठं कारण निघालं. इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड अपडेट दिलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारली नाही. कंपन्यांच्या हातून हे होतं, तर अंदाजाने आकडे टाकणाऱ्या आपलं काय?

एकटा प्रोसेसर मरत नाही

मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग असतो, व्हीआरएम. स्वस्त बोर्डवर त्याला हीटसिंकसुद्धा नसतो. त्यात एसएमपीएस हलका असला, तर ३३ टक्के जादा भार त्याच्यावरही येतो. तो उडताना सोबत बोर्ड घेऊन जाऊ शकतो. शिवाय अस्थिर पीसीवर फाइल सेव्ह होता होता बिघडते. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्टची फाइल उघडलीच नाही, तर सरांना काय सांगणार?

आणि वॉरंटी? ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही साध्या वॉरंटीत बसत नाही.

मग करायचं काय?

● आधी मोजा. दुपारी, खोली सगळ्यात गरम असताना, अर्धा तास फुल लोड देऊन तापमान बघा. आत्ताच ८५-९० दिसत असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय तिथेच संपला.

● साफ करा. कॅबिनेट उघडून धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला.

● कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. खोली थंड करा, पण ओली हवा थेट आत नको. ओलावा आणि धूळ मिळून हीटसिंकवर चिखल बसतो.

● उलटा प्रयोग करा. व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडं थोडं कमी करून बघा, म्हणजे अंडरव्होल्टिंग. बऱ्याच चिप तेवढ्याच स्पीडवर कमी तापतात. जमलं नाही तर पीसी हँग होईल, चिप जळणार नाही. मात्र महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप आधी घ्या. रायझनवाल्यांना इको मोडही आहे.

● करायचंच असेल तर थंडीत करा. अनलॉक प्रोसेसर, चांगला बोर्ड आणि चांगला एसएमपीएस असेल तरच. एका वेळी एकच छोटी पायरी आणि प्रत्येक पायरीनंतर टेस्ट.

प्रयोग करायला कुणाची ना नाही. बायोसमध्ये डोकावल्याशिवाय कॉम्प्युटर कळतही नाही. फक्त व्हिडिओतला आकडा कॉपी करण्याआधी स्वतःच्या खोलीत थर्मामीटर लावा. आपल्याकडचा उन्हाळा चिपला ओव्हरक्लॉक न करताच पुरेसा घाम फोडतो.