योगदंडाची पूजा

गुरुपूजा म्हटली की आषाढी पौर्णिमेचे व्यासपूजन, पाद्यपूजा आणि गुरुदक्षिणा आपल्यापुढे उभी राहते. पाय धुणे, दक्षिणा देणे हे समोर बसलेल्या गुरूचे उपचार झाले. गुरू देहाने उरला नाही, म्हणजे पूजा कशाची करावयाची? आम्हां सोलापूरकरांच्या संक्रांतीच्या यात्रेत या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

१२ व्या शतकातील शिवयोगी सिद्धराम हे या नगरीचे ग्रामदैवत. श्रीशैलचा मल्लिकार्जुन हे त्यांचे आराध्य. त्यांच्या कन्नड वचनांतून त्याचेच नाव मुद्रा म्हणून येते. त्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापिली व लोकांसाठी तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. योगी संसार कसा करणार? तेव्हा आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास त्यांनी अनुमती दिली, अशी कथा आहे.

नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक मानतात. भोगीला मानाचे ७ नंदीध्वज मिरवणुकीने निघतात व ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. संक्रांतीस संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम होतो. ही जड काठी पांढरी बाराबंदी घातलेले भक्त आळीपाळीने तोलतात.

आपल्याच जिल्ह्यात अक्कलकोटला स्वामी समर्थांनी १८७८ साली चैत्र वद्य त्रयोदशीस देह ठेवला. तेथे पादुकांची पूजा चालते. काठी काय, पादुका काय, दोन्ही वाटचालीच्या वस्तू. त्या आज्ञा करीत नाहीत, दक्षिणा मागत नाहीत. व्यक्तीभोवती जमणारी भक्ती पुष्कळदा माणसाला परावलंबी करते. येथे मात्र भक्ताला स्वतःच्या पायांनी चालावे लागते, आणि तेही गुरूने जेथे काम केले त्या ठिकाणांवरून.

म्हणून या विधीचा अर्थ मिरवणुकीपाशी संपत नाही. सिद्धरामांचा तलाव आजही मंदिराभोवती आहे. यात्रेत अक्षता टाकावयाची आणि उरलेले वर्षभर त्याच पाण्यात निर्माल्य व कचरा लोटावयाचा, याला गुरुपूजा कसे म्हणावे? गुरूने लोकांसाठी केलेले काम नीट राखणे हाही त्याच पूजेचा विधी आहे, असे आम्हांस वाटते.