चार तासांचा समुद्र

सुट्टी म्हटली की आपल्या कलबुर्गी-बीदरकडील डॉक्टर मंडळींची पावले गोवा अथवा महाबळेश्वरकडे वळतात. परदेश म्हणजे दुबई वा सिंगापूर. बोटीने चार-पाच तासांत परदेश गाठता येतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तमिळनाडूतील नागपट्टिणम ते उत्तर श्रीलंकेतील कांकेसनतुरै हे सागरी अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. ही बोटसेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली, आठवडाभरातच थांबली आणि १६ ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा चालू झाली. पुढेही हवामानानुसार फेऱ्या खंडित झाल्या आहेत. तेव्हा चौकशी केल्यावाचून दवाखान्याला कुलूप लावू नये!

कलबुर्गीहून रेल्वेने चेन्नई, तेथून नागपट्टिणम. वाटेत तंजावरला एक दिवस अवश्य द्यावा. बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख सर्वांना ठाऊक असतो. परंतु सरफोजी महाराजांनी धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बोटीत मुले असतील तर त्यांना हलका आहार द्यावा, मध्यभागी बसवावे व क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे. दोन वर्षांखालील बालकास प्रोमेथाझिन देऊ नये.

जाफना येथे समुद्रकिनारे आहेत, नल्लूरचे कंदस्वामी मंदिर आहे. परंतु वैद्यकीय व्यावसायिकाने मानिप्पायला जावे. सॅम्युअल ग्रीन हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर १८४७ साली सिलोनला आले. त्यांनी येथे वैद्यकीय शिक्षण आरंभिले, ते प्रथम इंग्रजीतून व पुढे तमिळमधून. प्रसूतिशास्त्र, शरीररचना, शल्यचिकित्सा यांवरील ग्रंथ त्यांनी तमिळमध्ये उतरविले आणि साठांहून अधिक वैद्य घडविले. आपल्या ओपीडीत एका सकाळी कन्नड, मराठी, दखनी आणि लमाणी या चारही भाषा कानी पडतात. मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण मातेला तिच्या भाषेत सांगितले नाही, तर घरी ते चुकते. ग्रीन यांनी हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

जाफन्याच्या शासकीय रुग्णालयात मात्र मन जड होते. २१ ऑक्टोबर १९८७, दीपावलीचा दिवस. भारतीय शांतिसेना व तमिळ वाघ यांच्यातील लढाईत आपले सैनिक रुग्णालयात शिरले. साठांहून अधिक रुग्ण व कर्मचारी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवपादसुंदरम परिचारिकांसह, आम्ही शरण आलो आहोत असे ओरडत, पुढे आले. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, असे बचावलेल्यांनी सांगितले आहे. हे मृत्यू चकमकीत झाले, ही भारतीय सैन्याची बाजू. अडकून पडलेल्या बालकांसाठी ते रुग्णालयात आले होते.

या प्रसंगाचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. माझे शिक्षण त्याच काळातले. वृत्तपत्रांत शांतिसेनेच्या बातम्या वाचल्याचे आठवते, हे नाव आठवत नाही. तेथील कर्मचारी दरवर्षी २१ ऑक्टोबरला आपल्या मृत सहकाऱ्यांच्या छायाचित्रांना फुले वाहतात. आपल्यापैकी कोणी त्या सुमारास गेलेच, तर पर्यटनाचा एक तास कमी करून तेथे उभे राहावे. त्या दिवसांत बोट चालू असेलच असे नाही. ईशान्य मोसमी वारे तेव्हाच सुरू होतात. मग चेन्नईहून जाफन्याला विमान आहे.