जुनी गाडी डीलरला द्यावी की स्वतः गिऱ्हाईक पाहावे?

व्यापारी बांधवांनो, आमचा धंदा टॉवेल आणि चादरींचा, मोटारींचा नव्हे. तरीही या पानावर गाडी विकण्याविषयी लिहीत आहोत, कारण मालाच्या एका गाठीमागे रुपया-दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपले लोक गाडी विकताना मात्र कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होतात. आम्हीही त्यातलेच होतो.

आमची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, तीही सेकंडहँड. १९९९ साली ती आम्ही ४८ हजारांना सोलापुरातल्याच एका एजंटाला दिली. त्याने नोटा मोजून हातावर ठेवल्या आणि टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या. खरेदीदाराची जागा कोरी होती. विचारले तर म्हणाला, "सेठ, गिऱ्हाईक लागले की भरतो, तुम्ही बेफिकीर राहा." आम्ही बेफिकीर राहिलो. २००४ साली न्यायालयाची नोटीस आली. गाडी तीन हातांतून फिरली होती, एका सायकलस्वाराला धडकली होती आणि तिचा विमा संपलेला होता. आरसी बुकावर नाव आमचेच! एजंटाचे दुकान कधीच उठले होते. चार वर्षे तारखा केल्या आणि शेवटी तडजोडीत ६५ हजार भरले. त्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला होता, त्याला पैसे मिळाले याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण विकलेल्या गाडीपायी किमतीपेक्षा जास्त रक्कम घरातून गेली, ही गोष्ट खरी.

यात कायदा आमच्या बाजूने नव्हता आणि आजही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच स्पष्ट केले की, गाडी पुढे कितीही वेळा विकली गेली तरी नोंदणी बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकाची. म्हणून डीलर की खासगी गिऱ्हाईक, हा प्रश्न भावाचा वाटतो, पण भावाआधी आपले नाव गाडीवरून कसे आणि कधी उतरणार हे विचारावयास हवे.

आता भावाचा हिशेब पाहू. २०२४ साली आम्ही आमची २०१० ची पेट्रोल वॅगन आर विकायला काढली. एका डीलरने १ लाख ५ हजार सांगितले. मोबाईलवरून गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन तपासून गेला, १ लाख १२ हजार बोलला आणि गाडी न्यायच्या दिवशी ९८ हजारांवर आला. आम्ही चावी दिली नाही. शेवटी अक्कलकोटच्या एका शिलाई कारागिराने ती १ लाख ३८ हजारांना नेली. म्हणजे डीलरपेक्षा ३३ हजार जास्त.

हे ऐकून डीलर लुटतात असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. आपण ठोक भावात माल उचलतो आणि किरकोळ भावात विकतो, तेव्हा मधला फरक सगळा नफा असतो काय? डीलरला गाडीचे टायर, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग पाहावे लागते, जागेचे भाडे असते, पैसा दोन-तीन महिने अडकतो. नोंदणीकृत डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि या फरकातून दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. गाडी जितकी जुनी तितका तो भीतीने भाव पाडतो, कारण इंजिन बोलले तर नुकसान त्याचे.

आमच्या ३३ हजारांमागेही मेहनत होती. तीन आठवडे गेले, अकरा माणसे पाहून गेली. त्यातले चार नुसते मजेखातर आलेले. दुकान सोडून दरवेळी चक्कर मारायला जावे लागले. ज्याचे दुकान एकट्यावर चालते त्याने हे दिवसही खर्चात धरावेत. आमच्या भावाची डिझेल इंडिका २०२१ साली धूर सोडत होती, गिअर अडकत होता. ती त्याने एका दिवसात डीलरला देऊन टाकली आणि बरोबर केले. असली गाडी घरगुती गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारून रोज त्याचे फोन घेत बसण्यापेक्षा, दुरुस्ती जाणणाऱ्याला कमी भावात दिलेली बरी.

खासगी विक्रीत खरा भाव मिळतो तो सांगितलेल्या ऐबांमुळे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. वॅगन आरचा एसी कमजोर होता आणि डावा दरवाजा रंगवलेला होता. दोन्ही गोष्टी आम्ही आधीच दाखवल्या. अक्कलकोटच्या त्या गृहस्थाने सोबत आणलेल्या मिस्त्रीनेही तेच सांगितले, तेव्हा त्यांचा भरवसा बसला. पाच हजार कमी झाले, पण पुढची सगळी घासाघीस वाचली. माल दाखवून, ऐब सांगून विकावा असे आपल्या वडीलधाऱ्यांनी गादीवर बसवताना शिकवलेच आहे, गाडीला वेगळा नियम कशाला?

गिऱ्हाईक वयावरून भाव पाडते. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते म्हणे! तो दिल्ली आणि आसपासच्या भागातला वाद आहे. आपल्या महाराष्ट्रात खासगी मोटार पंधरा वर्षांनी तपासणी करून पुन्हा पाच वर्षांसाठी पास होते. मात्र खर्च वाढला आहे, हेही मान्य करावे. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती १० हजार झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीचे गिऱ्हाईक नव्या गाडीचा भाव तोंडावर फेकते. पासिंगला वर्षभर उरले असतानाच गाडी विकलेली बरी. मुदत संपल्यावर भाव सांगण्याचा हक्क समोरच्याकडे जातो.

दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर गाडी असणाऱ्यांनी येथे नीट लक्ष द्यावे. घरच्या वापराची गाडी विकणाऱ्याला जीएसटीचा संबंध नाही. पण आपली जीएसटी नोंदणी असेल आणि त्या गाडीवर प्राप्तिकरात घसारा घेतला असेल, तर घसारा जाऊन उरलेल्या किमतीपेक्षा जितके जास्त मिळाले तितक्या रकमेवर कर लागतो. १६ जानेवारी २०२५ पासून तो लहान-मोठ्या सर्व गाड्यांना १८ टक्के आहे. समजा घसारा जाऊन किंमत ८० हजार उरली आणि गाडी १ लाख ३० हजारांना गेली, तर ५० हजारांवर ९ हजार. ७० हजारांना गेली तर काही नाही. खासगीत मिळालेला जादा भाव यात थोडा खाल्ला जातो, म्हणून सौदा ठरण्याआधी आपल्या सीएला विचारावे.

रोखीविषयी आपल्या लोकांना सांगणे जरुरीचे आहे. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतल्यास तेवढाच दंड. थोडी आज, थोडी उद्या अशी युक्तीही चालत नाही. पैसे बँकेत घ्यावेत आणि जमा झाल्याचे स्वतःच्या खात्यात पाहावे. समोरच्याने मोबाईलवर दाखवलेली पावती पाहून चावी देऊ नये. पैसे घेण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागत नाही, टाकायला सांगणारा ठग समजावा.

आता कागदाकडे येऊ. खासगी गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २९ आणि ३० त्याचे पूर्ण नाव-पत्ता भरूनच सही करावेत, त्याच्या आधारची प्रत घ्यावी आणि गाडी दिल्याचा कागद तारीख व वेळ घालून दोघांच्या सह्यांनी करावा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवायचे असते. गाडीवर कर्ज होते तर बँकेचा बोजा आधी उतरवावा. ई-चलनाची थकबाकी पाहावी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर हस्तांतराचे काम अडते, म्हणून ती आधीच बसवून घ्यावी.

डीलर असेल तर पहिला प्रश्न एकच: परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे काय? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला हे अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी ने पोर्टलवर कळवले की तो तिचा मालक मानला जातो, पुढची जबाबदारी त्याची. १९९९ साली हा नियम असता तर आमची चार वर्षे वाचली असती. अधिकारपत्र नसलेला, "नंतर भरतो" म्हणणारा डीलर दहा हजार जास्त देत असेल तरी आमच्या मते तो सौदा महाग आहे.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचा दाखला घ्यावा, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. आम्ही हे २०२४ पर्यंत जाणत नव्हतो.

वॅगन आर गेली त्या सकाळी आमच्या मुलाने काचेवरचा फास्टॅग ब्लेडने खरवडून काढला आणि बँकेला कळवून तो बंद केला, नाहीतर टोल आमच्या खात्यातून कटत राहिला असता. त्यानंतर दर आठ दिवसांनी आम्ही अक्कलकोटला फोन करत राहिलो. बाविसाव्या दिवशी त्या गृहस्थांनी आपल्या नावाच्या आरसीचा फोटो पाठवला. त्याची छापील प्रत काढून आम्ही पद्मिनीच्या नोटिशीच्या फाईलीतच लावून ठेवली आहे.