गोळी सुरू असताना धावण्याचा दम

बेंगळुरूत 2008पासून होणाऱ्या टीसीएस वर्ल्ड टेन-के शर्यतीसाठी आपण कब्बन पार्कात सराव करत असाल आणि गर्भनिरोधक गोळीही घेत असाल, तर गोळीने दम कमी होतो का, ही शंका रास्त आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांची कामगिरी सरासरीने किंचित कमी दिसली. फरक नगण्य होता, पण प्रत्येकीचा अनुभव सारखा नसतो. म्हणून आपला दम आपणच मोजावा.

1. आधी मोजमाप. व्हीओटू मॅक्स म्हणजे जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्याचे माप. 12 मिनिटांत जमेल तितके धावावे. मीटरमधल्या अंतरातून 504.9 वजा करून 44.73ने भागावे. 400 मीटरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या झाल्या, तर उत्तर साधारण 33 येते. एकदा पहाटे आणि एकदा उन्हात मोजले, तर तुलना फसते.

2. मग डॉक्टर. रक्तदाब तपासून घ्यावा. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ते आवर्जून सांगावे. अशांना इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही.

3. पाकीट. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्ये 21 गोळ्या संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या असतात. शेवटच्या सात ‘बिनकामाच्या’ म्हणून टाकल्या, की दिवसांचा हिशेब चुकतो आणि नवे पाकीट उशिरा सुरू होते. गर्भ राहण्याचा धोका तिथेच वाढतो.

4. गोळी चुकली तर. संप्रेरकाची एक चुकल्यास आठवताच घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या, तर गोळ्या पुन्हा सुरू करून सात दिवस निरोधही वापरावा.

5. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. दम घटला, तर लगेच गोळीला दोष देऊ नये. आधी हिमोग्लोबिन तपासावे. रक्तात ऑक्सिजन तेच वाहून नेते आणि 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मुंबईहून नव्याने आला असाल, तर सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात सुरुवातीला धाप किंचित जास्त लागू शकते.

6. हे अंगावर काढू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. ‘धावून पोटरी धरली’ म्हणत मलम चोळत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

7. खरेच फरक पडत असेल, तर गोळी परस्पर बंद करू नये. मोजमापांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. तांबी आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली ‘छाया’ गोळी आहे. संततिनियमन आणि धावणे यांतले एक सोडण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, इतके पर्याय आज नक्की आहेत.