विश्लेषण : एआय एजंट ‘खाते पुन्हा जोडा’ का म्हणतो? अशा वेळी पासवर्ड द्यावा का?

गेवराईत माझ्या मावसभावाचे कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाणे कंपन्यांची बिले ईमेलवर येतात. ती वाचून गुगल शीटमध्ये भरण्यासाठी दादाने यूट्यूबवर पाहून एक एआय एजंट जोडला. आठवडाभर काम झकास चालले. मग एका सकाळी एजंट थांबला आणि ‘खाते पुन्हा जोडा’ म्हणू लागला. समोर बोंडअळीचे औषध मागणारे गिऱ्हाईक उभे. दादाने वैतागून चॅटमध्येच जीमेलचा पासवर्ड टाकला. काम झाले नाहीच. रात्री मला फोन आला, ‘तू इंजिनिअर हायेस ना, बघ बरं काय झालंय.’

नेमके काय बिघडले होते?

खरे तर काहीच नाही. एजंटला आपला पासवर्ड कधीच दिला जात नाही, त्याला मिळते ते टोकन. हे एसटीच्या पाससारखे आहे. पासवर मार्ग लिहिलेला असतो, मुदत लिहिलेली असते आणि तो दाखवताना कंडक्टरच्या हाती घराची चावी द्यावी लागत नाही. ही पद्धत ‘ओऑथ २.०’ या मानकात ठरलेली आहे, ते ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात सहसा दोन टोकन असतात. एक थोड्या वेळाचे, गुगलच्या बाबतीत साधारण तासाभराचे. दुसरे ते संपले की नवे मिळवून देणारे ‘रिफ्रेश टोकन’.

हे दुसरे टोकन संपले की माणसाला पुन्हा विचारण्यावाचून मार्ग नसतो. वापरकर्त्याने परवानगी काढून घेतली, सहा महिने टोकन वापरलेच नाही, जीमेलची मुभा असताना पासवर्ड बदलला, तर गुगल ते रद्द करते. दादाचे कारण वेगळे होते. व्हिडीओत दाखवल्याप्रमाणे त्याने गुगलवर स्वतःचे अ‍ॅप नोंदवले, पण ते ‘टेस्टिंग’ अवस्थेतच ठेवले. अशा अ‍ॅपला जीमेलसाठी मिळालेले रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपते. म्हणून बरोबर आठवडा.

मग एजंटने काय करायला हवे होते?

त्यासाठी एजंटकडे खाते पुन्हा जोडण्याचे वेगळे टूल असते. ते एक लिंक तयार करते. माणूस ती ब्राउझरमध्ये उघडतो, गुगलच्याच पानावर लॉगिन करतो, परवानगी देतो. नवे टोकन टूल जपून ठेवते. पासवर्ड एजंटच्या नजरेस पडत नाही.

हे टूल कधी वापरायचे, हे एजंटला कळते ते टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही प्रत्येक टूलला नाव आणि वर्णन असते. ‘खाते पुन्हा जोडते’ एवढ्या एका ओळीवर भागवले, तर कोणतीही अडचण आली की एजंट मालकाला लिंक पाठवत सुटतो. वर्णनात फरक सांगावा लागतो. सर्व्हरने ४०१ हा कोड दिला तर ओळख पटलेली नाही, मुदत संपली असू शकते. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण या कामाची मुभा नाही. तिथे जुनीच परवानगी पुन्हा घेऊन उपयोग नसतो. जास्तीची मुभा हवी असेल तर ते माणसाला उघड सांगून विचारायचे. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, जरा थांब. कोणते खाते जोडायचे आहे हेही लिंकसोबत सांगायला हवे, नाहीतर दुकानाऐवजी घरचे खाते जोडले जाते. आणि पासवर्ड किंवा ओटीपी चॅटमध्ये मागू नये, कोणी आपणहून दिला तरी वापरू नये, हे तर ठळक लिहावे.

दादाच्या एजंटला जोडलेल्या टूलचे वर्णन एका ओळीचे होते.

याची एवढी काळजी का?

सेवा केंद्रावर मोबाइल पुढे करून ‘ओटीपी आलाय का बघ’ म्हणणे आपल्याकडे रोजचे आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीतही ओटीपीच होता. पुन्हा पुन्हा परवानगी मागणाऱ्या पडद्याची सवय झाली की माणूस वाचायचे सोडतो. मग खरी लिंक आणि ठगाची लिंक यांत त्याला फरक दिसत नाही.

बँकेची माहिती दुसऱ्या संस्थेला देण्यासाठी रिझर्व्ह बँकेची ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ ही व्यवस्था आहे, तिचे मूळ नियम २०१६ मध्ये आले. तिच्या संमतीत कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ हे लिहिलेले असते. ती संमती मागेही घेता येते. एजंटच्या परवानगीलाही हीच शिस्त हवी, असे मला वाटते.

दादाला मी आधी पासवर्ड बदलायला लावला. मग अ‍ॅप ‘टेस्टिंग’मधून बाहेर काढले. गुगलने ‘हे अ‍ॅप पडताळलेले नाही’ असा इशारा दिला. अ‍ॅप त्याचे स्वतःचेच, म्हणून पुढे गेलो. नव्याने जोडताना परवानगीचे पान मी फोनवर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. सगळे ईमेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे हटवणे! बिले वाचायला ठेवलेल्या एजंटला ही मुभा पहिल्या दिवसापासून होती. दादा क्षणभर गप्प झाला. ‘कॅन्सल’ दाबून आम्ही अ‍ॅपमध्ये ईमेलसाठी फक्त वाचण्याची मुभा ठेवली आणि पुन्हा लिंक मागवली.

दुसऱ्या दिवशी एजंटने एकच बिल दोनदा भरले. तो वेगळा विषय.