मशाल विझायच्या आत

एक गॉब्लिन मारला की ५ गुण. सोन्याची १०० नाणी भुयारातून सुखरूप बाहेर आणली की १०० गुण. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला २,००० गुण लागतात, म्हणजे निव्वळ मारामारी करून पोचायचं तर एकट्याने ४०० गॉब्लिन कापावे लागतील. आणि पहिल्या पातळीवरच्या या योद्ध्यात जीव किती? आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढा, सरासरी साडेचार. गॉब्लिनचा एक घाव सहापर्यंत जाऊ शकतो. टॉम मोल्डव्हे यांनी १९८१ साली संपादित केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ६४ पानी बेसिक नियमपुस्तिकेतला हा हिशोब आहे. लढाई हा तिथे सरळसरळ आतबट्ट्याचा धंदा आहे, आणि नव्या खेळाडूंना जुन्या वळणाचा हा खेळ शिकवताना पहिली अडचण येते ती इथेच. सिनेमे आणि व्हिडिओ गेम पाहून आलेला माणूस तलवार उपसूनच आत शिरतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतला एक पंच. भुयाराचा नकाशा त्याच्याकडे असतो आणि तो कुणाला दाखवायचा नसतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र: योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर वगैरे. समोर काय दिसतं ते पंच सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्याही नाहीत. सगळा खेळ बोलण्यावर चालतो. तेच जग, तीच पात्रं घेऊन हा डाव महिनोन्‌महिने चालला की ती झाली मोहीम.

यातला पंच आला प्रशियाच्या लष्करातून. तिथे राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धखेळ सैन्याच्या प्रशिक्षणासाठी सिद्ध केला. नकाशा, ठोकळे, फासे आणि कोष्टकंच कोष्टकं. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा याने कोष्टकं बाजूला सारली आणि निकाल अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपवला. अमेरिकी सैन्यातल्या चार्ल्स टॉटन याचं ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळांचं पुस्तक १८८० चं. जवळजवळ ९० वर्षांनी ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली या युद्धखेळ्याच्या हाती लागलं. खेळाडूने काहीही करू म्हणावं आणि पंचाने त्याचा निवाडा द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली.

१९६९ साली वेझलीने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं. काळ नेपोलियनचा. पण त्याने काही खेळाडूंना सेनापती न करता गावातली माणसं केलं, नगराध्यक्ष, विद्यापीठाचा कुलपती वगैरे. झालं भलतंच. लढाई राहिली बाजूला. लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करत बसले. डाव फसला असं वेझलीला वाटलं, आणि खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून मागे लागले. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचा किल्ला आणि त्याखालची भुयारं रचली. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स राहत होता. विम्याची नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून तो संसार चालवत होता, आणि युद्धखेळांचे नियम लिहीत होता. आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस त्याला ब्लॅकमूर खेळून दाखवलं. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली: प्रती १,०००, किंमत १० डॉलर. त्या पुस्तिका नुसत्या वाचून हा खेळ कुणाला खेळता आला असेल, याचं मला आजही नवल वाटतं. लढाईसाठी गायगॅक्सचाच जुना ‘चेनमेल’ घ्या, रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’चा पट वापरा, असा सगळा मामला. तरीही खेळ पसरला, कारण तो एकाने दुसऱ्याला शेजारी बसवून शिकवला.

मोल्डव्हेची पुस्तिका हे त्याचं पहिलं खरोखर वाचनीय रूप. नव्यांसाठी मी तीच घेतो. पात्र तयार करायला पंधरा मिनिटं पुरतात. तीन फासे सहा वेळा टाकायचे, आकडे पडतील त्याच क्रमाने लिहायचे. ताकद १७ आली तर योद्धा, ६ आली तर दुसरं काहीतरी. देवाने दिलं ते घेऊन निभवायचं. मग खरेदी. सहा मशाली एका नाण्याला, ५० फूट दोर एका नाण्याला, दहा फुटी काठी एका नाण्याला.

मशाल हा या खेळाचा कणा आहे. वेळ दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत मोजायचा. मशाल सहा टप्पे जळते, त्यातला एक विश्रांतीत जातो. लोखंडी चिलखत घातलेला माणूस चाचपडत, नकाशा काढत एका टप्प्यात ६० फूट सरकतो. म्हणजे एका मशालीत ३०० फूट, बस्स. दर दोन टप्प्यांनी पंच एक फासा टाकतो. एक पडला की अंधारातून काहीतरी चालून येतं. तासाभरात तीन वेळा फासा, म्हणजे एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता शेकडा ४२. आणि त्या भटक्या प्राण्यांच्या अंगावर सहसा दमडी नसते. आत रेंगाळणं किती महाग पडतं हे नव्या खेळाडूला व्याख्यान देऊन कळत नाही. मी टेबलावर कागद ठेवतो आणि दर टप्प्याला सगळ्यांसमोर रेघ ओढतो. तिसऱ्या-चौथ्या रेघेला कुजबुज सुरू होते.

आमच्या टेबलावर सीएचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिचं पात्र चोर. एका बंद खोलीत त्यांना दगडी पेटी सापडली.

“दादा, सापळा आहे का बघते. कुठला फासा टाकू?”

“फासा राहू दे. कशी बघतेस ते सांग.”

“कशी म्हणजे... जाऊन.”

“जवळ जाऊन? हाताने?”

ती थबकली. शेजारचा म्हणाला, “अगं, काठी आहे ना! नाणं मोजून घेतलीय.”

काठीने झाकण चाचपल्यावर मी सांगितलं, कुलपाच्या वर एक बारीक भोक आहे, भोवतीचा दगड काळवंडलाय. थोडी खलबतं झाली. मग शिध्यातली भाकरी पाण्यात भिजवून तिचा गोळा त्या भोकात ठासला आणि पेटी बाजूने उघडली. आतली विषारी सुई भाकरीत रुतून बसली.

नियमाप्रमाणे पहिल्या पातळीच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता शंभरात दहा. फासा टाकला असता तर बहुधा मेलीच असती. विचारल्यामुळे वाचली, आणि विचारून उपयोग झाला कारण भोक माझ्या वहीत आधीपासून होतं आणि ते मी लपवलं नाही. नव्या पंचांचा घोळ नेमका इथे होतो. माहिती दाबून ठेवतात आणि पात्र मरायला टेकलं की दया येऊन फासे फिरवतात. करायला हवं ते याच्या उलट. पात्राच्या डोळ्यांना, कानांना, नाकाला जे कळेल ते सगळं सांगून टाकावं, न विचारताही सांगावं. पण एकदा फासा पडला की पडला. मी फासे सगळ्यांसमोर टाकतो, त्यामुळे हात दाखवण्याचा मोहच उरत नाही.

दोन नियम मात्र नव्यांना आवर्जून सांगावेत, कारण हाणामारीशिवायचा रस्ता त्यांतूनच निघतो. समोर प्राणी आला की तो लगेच हल्ला करेलच असं नसतं. पंच दोन फासे टाकतो. बेरीज दोन आली तरच तो तडक अंगावर येतो, म्हणजे छत्तीसांत एकदा. मधल्या आकड्यांना तो घुटमळतो, बोलायला वाव असतो. दुसरा नियम धैर्याचा. गॉब्लिनांतला पहिला पडला की पुन्हा दोन फासे, आणि सातच्या वर गेले की बाकीचे पाय लावून पळतात. जिवावर उदार सहसा कुणी नसतं. हे कळल्यावर खेळाडू वाटाघाटी करायला लागतात, दोर लावतात, तेल ओततात, सरळ पळूनही जातात.

मोल्डव्हेच्या पेटीत नवशिक्यांसाठी गायगॅक्सने लिहिलेली तयार डावाची पुस्तिकाही असे, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. एका टोकाला गढी, दुसऱ्या टोकाला घळ, आणि घळीच्या दोन्ही अंगांना गुहा: कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन असे एकमेकांना पाण्यात पाहणारे शेजारी. गढीतल्या एकाही माणसाला नाव दिलेलं नाही. ती पंचाने ठेवायची. एक गुहा तर मुद्दाम कोरी सोडलेली आहे. या पुस्तिकेत एक गोष्ट मला खुपते. गुहांमध्ये कोबोल्डांची, गॉब्लिनांची बायकापोरंही मोजून लिहिलेली आहेत, आणि त्यांचं करायचं काय यावर अक्षर नाही. नवे खेळाडू हा प्रश्न हमखास विचारतात: ही त्यांची घरं आहेत, मग दरोडेखोर कोण? काही पंच ती पोरं पुस्तकातून खोडून टाकतात. मी ठेवतो. आमच्याकडे त्या प्रश्नानंतर कोबोल्डांशी तह झाला आणि रस्ता दाखवणारे दोन कोबोल्ड मिळाले.

सोन्याला गुण देण्याचा नियम पुढे मागे पडला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ऐच्छिक झाला, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेलाच. बक्षीस राक्षस मारण्याला, म्हणून खेळाडू राक्षस मारू लागले. पात्रं दणकट होत गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक रात्र नीट झोपलं की सगळा जीव परत येतो. त्या खेळातही मजा आहे, पण ती नायकांची गोष्ट आहे. जुन्या वळणाकडे परतलेल्यांपैकी मॅथ्यू फिंच यांनी २००८ साली एक छोटी मार्गदर्शिका लिहून नियमांपेक्षा निवाड्याला मान दिला. २०१९ मध्ये गॅविन नॉर्मन यांनी ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ या नावाने १९८१ चेच नियम नीट मांडून छापले. मोल्डव्हेची जुनी प्रत मिळाली नाही तर ते घ्यावेत.

गायगॅक्सच्या त्या घळीत एक ओगर आहे, भाडोत्री दांडगट राक्षस. संकट आलं की गॉब्लिन त्याच्याकडे २५० नाण्यांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या बाजूने उतरतो. आमच्या मंडळींनी एक गॉब्लिन जिवंत धरला, त्याच्याकडून हे काढून घेतलं आणि ओगरला ३०० ची बोली लावली. तो कबूल झाला. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा आमच्या सीएबाईंनी हात वर केला.

“दादा, हे ३०० इथेच दिले तर त्यांचे गुण मिळणार नाहीत ना?”

“नाही. सोनं गढीवर पोचलं तरच.”

“मग त्याला सांगते, पैसे गढीवर देऊ. आधी आमच्या खात्यात येऊ देत.”

पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. मी ओगरसाठी दोन फासे टाकले; नऊ पडले. तो आता गढीबाहेरच्या झाडीत येऊन उभा आहे, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्यांना काय सांगायचं यावर पुढच्या शनिवारपर्यंत खल चालू आहे.